३२ एकर माळ आणि औंधचा राजा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा संपादक मंडळातल्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी माझं ठरलेलं कारण पुढे केलं. मला कोड लिहिता येतो, लेख नाही. तिने अर्थातच ऐकलं नाही. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, तू एखाद्या माणसाबद्दल लिही, म्हणाली. फोन ठेवला आणि मला आपली आठवीची सहल आठवली.

औंधला गेलो होतो आपण. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना कोण आधी पोचतं याची शर्यत लागली होती. वाटेतल्या संग्रहालयात चित्रकलेचे सर जीव तोडून सांगत होते, की हा सगळा संग्रह एका राजाने जमवलाय आणि तो राजा स्वतः चित्रकार होता. आपलं लक्ष होतं दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीकडे. सर, उशिरा का होईना, तो तास आज पुन्हा भरवते आहे. मात्र चित्रांबद्दल थोडं आणि राजाच्या दुसऱ्याच एका कामाबद्दल जास्त लिहिणार आहे.

आमच्या आजोळी विहिरीवर एक इंजिन होतं. त्यावर उठावाच्या अक्षरांत किर्लोस्कर असं लिहिलेलं होतं. माळ्यावर एक कंदील होता, वीज गेली की खाली यायचा. त्याला आजी नुसतं कंदील न म्हणता प्रभाकर म्हणायची. हे इंजिन आणि हा कंदील यांच्या मुळाशी एकच माणूस आहे, हे मला इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही कित्येक वर्षं माहीत नव्हतं. तो माणूस म्हणजे सरांचा चित्रकार राजा, औंधचे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८चा. औंध हे संस्थान म्हणजे नकाशावर सांडलेले चार तुकडे. औंध आणि आसपासची गावं एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. सगळी मिळून ७२ गावं आणि सुमारे ७५ हजार माणसं. आजच्या हिशेबात एखादा लहानसा तालुका. त्यातही बराचसा भाग दुष्काळी. आटपाडी आणि खटावचा पाऊस कसा असतो हे आपल्यापैकी अनेकांना वेगळं सांगायला नको.

बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळात राजघराण्यातल्या मुलाने पदवीपर्यंत शिकणं ही नित्याची गोष्ट नव्हती. शिकून आल्यावर वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानाच्या कारभाराचं काम केलं. दप्तर कसं चालतं, वसुली कुठे अडते, गावचा पाटील काय सांगतो आणि काय लपवतो, हे त्यांनी राजा होण्याआधी कारकुनी बाजूने पाहिलं. वडील १९०१ मध्ये गेले, पण गादी लगेच त्यांच्याकडे आली नाही. मधली आठ वर्षं ती घराण्यातल्या इतरांकडे होती. १९०९ मध्ये बाळासाहेब गादीवर बसले तेव्हा त्यांचं वय ४१ होतं. मला हा उशीर महत्त्वाचा वाटतो. विशीत सत्ता मिळालेला माणूस आणि चाळिशीत, काम शिकून, वाट पाहून सत्तेवर आलेला माणूस यांत फरक पडतो.

आता गोष्टीतला दुसरा माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्कर बाळासाहेबांपेक्षा एका वर्षाने लहान, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडली, यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला लागले. नांगर खपेना. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. जिद्दीने टिकून राहून जरा जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि कारखाना हलवायची वेळ आली.

इथे थोडं थांबते. नगरपालिकेने काही वाकडं केलं असं नाही, गावाला नवी वस्ती हवी होती. पण छोट्या कारखानदाराच्या बाजूने बघा. भट्टी उचलून नेता येत नाही. जोडलेले कामगार, उधारीवर माल देणारा व्यापारी, दुरुस्तीसाठी येणारी गिऱ्हाइकं हे सगळं जागेला चिकटलेलं असतं. जागा गेली की माणूस पुन्हा शून्यावर येतो. ज्या कार्यालयातून नोटीस निघते तिथे मात्र ती रोजच्या टपालातली एक नोटीस असते.

लक्ष्मणराव आणि बाळासाहेब यांची ओळख होती. दोघेही चित्रांच्या आणि यंत्रांच्या वेडाचे. औंधच्या यमाई मंदिरासाठी सभामंडप बांधायचा होता, ते काम बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना दिलं. नांगर बनवणारा हा माणूस, मंडपाचा त्याला अनुभव तो काय? पण काम मिळालं आणि अडचणीच्या दिवसांत हाताला पैसा लागला. पुढे बेळगावची हकिगत कळल्यावर बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितलं.

लक्ष्मणरावांनी राजधानीजवळची जागा मागितली नाही. त्यांनी रेल्वे पाहिली. पुणे-मिरज मार्गावर कुंडल रोड नावाचं छोटं स्टेशन होतं. स्टेशनाजवळ औंध संस्थानाचा ३२ एकरांचा माळ पडून होता. निवडुंग, दगडधोंडे आणि नाग यांच्याशिवाय तिथे काही नव्हतं. पण कच्चं लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला रुळ होते. बाळासाहेबांनी ती जमीन दिली आणि वर १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा मुहूर्त झाला. म्हणजे राजेसाहेबांना गादीवर येऊन जेमतेम काही महिने झाले होते.

त्यांनी नेमकं काय दिलं याची मी एकदा इंजिनिअरच्या सवयीने यादी केली. पहिलं काम, जागा, थोडं भांडवल आणि इथून तुला कोणी उठवणार नाही हा भरवसा. चारही गोष्टी त्यांच्या आवाक्यातल्या होत्या. पडीक माळाचं उत्पन्न तसंही शून्य होतं. सभामंडप कोणाकडून तरी बांधून घ्यायचाच होता. १० हजार रुपये त्या काळी मोठे होते, शिवाय खपत नसलेल्या नांगरावर कर्ज देणं म्हणजे जोखीमच, पण संस्थान बुडेल इतके ते नव्हते. आणि भरवशाला तर पैसेच पडत नाहीत. पाचवी गोष्ट त्यांनी न करण्यातून दिली. कारखाना कसा चालवायचा, कोणाला नोकरीला घ्यायचं, काय बनवायचं, यात राजाने ढवळाढवळ केली नाही.

ती का महत्त्वाची ते पुढे दिसतं. लक्ष्मणरावांनी माणसं निवडली ती त्यांच्या पद्धतीने. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना त्यांनी कारखान्याचे पहारेकरी नेमलं, आणि त्यांनी तो विश्वास राखला. माळावर आधी पत्र्याच्या शेड आणि राहुट्या, मग आखीव रस्ते, घरं, शाळा असं गाव उभं राहिलं. नांगरामागून उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी इथूनच किर्लोस्कर खबर निघालं, ज्याचं पुढे किर्लोस्कर मासिक झालं. ज्या माळाला कोणी विचारत नव्हतं तिथल्या स्टेशनाचं नावच बदलून किर्लोस्करवाडी झालं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्या फलाटावर वडापाव खाल्ला असेल. आता पुढच्या वेळी पाटीकडेही बघा.

एकदा जमलं म्हणून बाळासाहेब थांबले नाहीत. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ काचेचा कारखाना काढला, त्यालाही औंधचं पाठबळ मिळालं. काच बनवणं त्या काळात आपल्याकडे फारच थोड्यांना जमलेलं होतं आणि बाजारपेठ परदेशी मालाने भरलेली होती. तिथे या भावांनी कंदिलाची काच आणि पुढे अख्खा कंदील बनवला. तोच आमच्या आजीचा प्रभाकर. कराडचं रेल्वे स्टेशन आजही ओगलेवाडीतच आहे. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले आणि त्यांचं स्वाध्याय मंडळ व छपाईचं काम अनेक वर्षं तिथूनच चाललं. नांगर, काच आणि पुस्तकं अशी तीन अगदी निराळी कामं, पण त्यांना आसरा देणारा माणूस एकच.

या माणसाच्या आवडीनिवडींना अंतच नव्हता. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. अजिंठ्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. १९३५ मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये आपण धावत पाहिलेलं संग्रहालय उभं राहिलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं माय-लेकराचं शिल्पही आहे. सूर्यनमस्काराचे तर ते प्रचारकच होते. रोज पहाटे स्वतः घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सक्तीचे केले. आपल्या पी.टी.च्या तासाला ज्यांनी नमस्कारांच्या नावाने बोटं मोडली, त्यांनी थोडा राग औंधकडेही वळवायला हरकत नाही.

ही सक्ती मी मुद्दाम सांगितली. बाळासाहेब भले राजे होते, पण राजेच होते. त्यांना पटलं ते व्हायचं. त्यांना लक्ष्मणराव भावले म्हणून माळ मिळाला. ज्याची राजाशी ओळख नव्हती, ज्याला चार माणसांत नीट बोलता येत नव्हतं, अशा एखाद्या लोहाराला किंवा विणकराला तो मिळाला असता का? मला खात्री वाटत नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबर संपते. हा प्रश्न आपल्याला आज सुचतो यात मोठेपणा नाही. बाळासाहेबांना तो स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या सत्तेबद्दल पडला, हे मोठं.

१९३८ मध्ये त्यांना ७० वर्षं पूर्ण झाली. बॅरिस्टर होऊन परतलेले त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत कारभारात होते. शिवाय औंधात एक अजब माणूस येऊन दाखल झाला होता, मॉरिस फ्रीडमन नावाचा. पोलंडमधला ज्यू, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बंगळूरचा सरकारी कारखाना सांभाळणारा आणि भगव्या कपड्यांत हिंडणारा. या मंडळींच्या विचारातून ठरलं, की संस्थानाचा कारभार रयतेच्याच हाती द्यायचा. सल्ल्यासाठी ते सेवाग्रामला महात्मा गांधींकडे गेले. गांधीजींनी घटनेच्या आराखड्यात स्वतः लक्ष घातलं, आणि अप्पासाहेबांनी गावकऱ्यांसारखं साधं राहावं असा आग्रह धरला. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची नवी घटना जाहीर झाली.

रचना साधी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. गावांच्या पंचायतींतून तालुक्याची पंचायत, आणि तिथून विधिमंडळात प्रतिनिधी. महसुलातला वाटा गावाच्या हाती, म्हणजे विहीर खणायची की शाळेवर छप्पर घालायचं हे गावानेच ठरवायचं. गावातले तंटे शक्यतो गावातच सोडवायचे. राजाच्या स्वतःच्या खर्चालाही मर्यादा घातली. वाचताना मला आमच्या क्षेत्रातली गोष्ट आठवते. चांगला प्रोग्रॅमर तो, जो सुट्टीवर गेला तरी त्याचं काम अडत नाही. बाळासाहेब आपल्याशिवाय चालेल असं संस्थान घडवू पाहत होते, आणि तेही कोणी मागे लागलेलं नसताना.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांना भिंतीआड न ठेवता शेतीवर, कुटुंबासह राहू द्यायचं, अशी ही खुली वसाहत. व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या दो आँखें बारह हाथ या चित्रपटामागे हीच कल्पना आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानाच्या मुलखातले आणि औंधच्या शाळेत शिकलेले. किर्लोस्करवाडीच्या दारावर शिक्षा भोगून आलेली माणसं पहाऱ्याला उभी राहिली होती, ती गोष्ट सुमारे ३० वर्षांनी संस्थानाच्या धोरणात आली. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना माळ दिला आणि त्या माळानेही औंधला काही शिकवलं, असं मला वाटतं.

हा प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला. स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन होऊ लागली आणि ८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात सामील झालं. गावाच्या पंचायतीला आपले निर्णय घ्यायची जेमतेम सवय लागत होती, तोवर कारभार पुन्हा जिल्ह्याच्या आणि मुंबईच्या कचेऱ्यांकडे गेला. त्याच वर्षी गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. तो पुन्हा उभा राहिला आणि आजही चालू आहे. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी गेले. शेवटी त्यांच्या हाती ना संस्थान होतं ना पंचायती. पण माळावरच्या भोंग्याने त्या दिवशीही पाळी बदलली असणार.

हे सगळं मी आत्ताच का लिहिते आहे ते सांगून थांबते.

१२ वर्षांपूर्वी नोकरी सोडून आम्ही तिघांनी पुण्यात छोटी कंपनी काढली. कर्ज मिळालं, लॅपटॉप घेतले, टेबलं आली. आलं नाही ते काम. सगळे विचारायचे, याआधी कोणासाठी केलंय? सात महिन्यांनी एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या अध्यक्षांनी हिशेबाचं एक छोटं काम दिलं. पैसे थोडेच होते, पण त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही. तो आमचा यमाईचा सभामंडप होता. याच्या उलट, आपल्याच वर्गातल्या एकाची गोष्ट. त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप रस्तारुंदीत गेलं. पर्यायी जागेचा त्याचा अर्ज दोन वर्षं एका कार्यालयात पडून आहे. नकारही येत नाही, होकारही येत नाही. त्याच्याकडची चार पोरं आता दुसरीकडे कामाला लागली. त्याने हे मला हसत सांगितलं, आणि त्या हसण्यानेच मला हा लेख लिहायला बसवलं.

आपल्या बॅचकडे जरा बघा. एक सरपंच आहे, एक नगरसेविका आहे, दोघं जिल्हा परिषदेत आहेत, तिघं बँकेत कर्जाच्या फायली पाहतात. शाळेतल्या गुरुजनांपैकी काही जण निवृत्तीनंतर गावच्या सोसायट्यांवर आहेत. ७२ गावांच्या मानाने आपल्या मंडळींच्या हातातला मुलूख फार लहान नाही. कोणाकडे संस्थान नाही, हे खरं. पण पडीक जागा आहे, द्यायचं एखादं छोटं काम आहे, सही आहे. ती सही दोन वर्षांऐवजी दोन आठवड्यांत झाली, तर त्याला राजा असावं लागत नाही. आणि ती ओळखीच्या माणसासाठीच नाही, ओळख नसलेल्यासाठीही व्हावी, यासाठीच तर बाळासाहेबांनी ७०व्या वर्षी आपली सत्ता पंचायतींना देऊन टाकली.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मी औंधला जाणार आहे. गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. चित्रकलेच्या सरांना पायऱ्या झेपणार असतील तर पुढची सीट त्यांची. या वेळी संग्रहालय सावकाश बघू, सर सांगतील ते ऐकू, आणि दशम्या त्यानंतरच सोडू.